भाषेला लावलेली विशेषणे आणि सम्यक वाचेची कसोटी

१

चुल्लवग्गातील एक प्रसंग आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू, एकमेकांचे भाऊ, भगवंतांकडे येतात आणि तक्रार मांडतात. संघात नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे आणि नाना कुळांचे लोक प्रव्रजित झाले आहेत. ते आपापल्या बोलीने बुद्धवचन दूषित करीत आहेत. तेव्हा ते छंदात बांधण्याची अनुज्ञा मिळावी, अशी त्यांची विनंती असते. भगवंत त्यांची कानउघाडणी करतात, तसे करणे ही दुक्कट आपत्ती ठरवितात आणि स्वतःच्या निरुक्तीत बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा देतात. 'स्वतःची निरुक्ती' म्हणजे शिकणाऱ्याची बोली की बुद्धांची, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. आचार्य बुद्धघोषांनी तिचा अर्थ मागधी असा केला, तर आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांनी शिकणाऱ्याची बोली असा केला. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. आपले लक्ष जावयास हवे ते तक्रारीच्या घडणीकडे.

हे दोघे भाऊ सुंदर वाणीचे होते, असे विनयातच सांगितले आहे. म्हणजे भाषेचे मर्म जाणणारे ते लोक होते. तरीही त्यांच्या तक्रारीत भाषेविषयीचा एकही पुरावा नाही. कोणता शब्द चुकला, कोणता अर्थ निसटला, कोणते पद गळाले, हे ते सांगत नाहीत. सांगतात ती नावे, गोत्रे, जाती आणि कुळे. भाषा दूषित झाली हा निष्कर्ष आहे, आणि त्याला आधार म्हणून दिली आहे ती बोलणाऱ्यांची उत्पत्ती. भाषेवर बसविलेला दोषाचा शिक्का वस्तुतः माणसांवर बसविलेला आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही तक्रार मराठी समीक्षेत आजही वेगवेगळ्या रूपांनी ऐकू येते. भाषेचे वर्णन करण्यासाठी समीक्षक जी विशेषणे निवडतो, त्यांतून तो भाषेविषयी किती सांगतो आणि बोलणाऱ्याच्या जागेविषयी किती, हा प्रश्न आंबेडकरी साहित्याच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार बौद्ध वाङ्मयातील वाचाविचाराच्या आधाराने करावयाचा आहे. आणि तो करताना आपली स्वतःची विशेषणेही तपासून पाहावयाची आहेत.

२

भारतीय परंपरेत भाषांची नावेच मुळात विशेषणे आहेत, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. 'संस्कृत' म्हणजे संस्कार केलेली. 'अपभ्रंश' म्हणजे खाली घसरलेली. 'पैशाची' म्हणजे पिशाचांची. गुणाढ्याची बृहत्कथा या पैशाचीत होती असे परंपरा सांगते. एवढा मोठा कथासंग्रह ज्या भाषेत निर्माण झाला, ती भाषा बोलणाऱ्यांनी स्वतःला पिशाच म्हणवून घेतले असेल, हे संभवत नाही. नाव देणारा आणि भाषा बोलणारा हे दोघे वेगळे होते. भरताच्या नाट्यशास्त्रात विभाषांच्या यादीत चांडाळांची भाषा वेगळी काढलेली आहे, आणि संस्कृत अलंकारशास्त्रात 'ग्राम्य' हा काव्यदोष म्हणून नोंदविला आहे. गावात राहणाऱ्याचे बोलणे हा जेथे पारिभाषिक दोष ठरतो, तेथे गावाबाहेर राहणाऱ्याच्या बोलण्याला कोणते स्थान असणार, हे वेगळे सांगावयास नको.

याच्या तुलनेत 'पालि' या शब्दाकडे पाहावे. पालि म्हणजे मूळ पाठ, अट्ठकथेहून वेगळा असा ग्रंथाचा मजकूर. भाषेचे नाव म्हणून हा शब्द पुढे रूढ झाला. त्यात उच्चतेचा दावा नाही आणि नीचतेचा डागही नाही. अट्ठकथाकारांनी मागधीला मूळभाषा म्हणून गौरविले, तेव्हा त्यांच्याही हातून विशेषणाचा मोह सुटला नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु सुत्तपिटकातील भूमिका त्याहून अधिक सावध आहे. मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्तात भगवंत एका साध्या भांड्याचे उदाहरण घेतात. त्या एकाच भांड्याला एका जनपदात पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, तिसऱ्यात सराव, आणखी कोठे आणखी काही. आपल्याच जनपदाचा शब्द खरा आणि बाकीचे व्यर्थ असा हट्ट धरल्याने कलह उत्पन्न होतो. जेथे जो शब्द चालतो तेथे तो आग्रह न धरता वापरावा, म्हणजे कलह टळतो. प्रमाण आणि अप्रमाण या द्वंद्वाला येथे जागाच नाही. भांडे एक आहे आणि शब्द अनेक आहेत.

३

मराठीकडे वळले की पहिला ठळक दाखला महात्मा जोतीराव फुले यांचा मिळतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत फुल्यांच्या व्याकरणाची टर उडविली. फुल्यांनी केलेले आरोप खरे की खोटे, हा वाद त्यामुळे बाजूला पडला आणि लेखकाला शुद्ध मराठी येते की नाही, हाच प्रश्न पुढे आला. 'अशुद्ध' या एका विशेषणाने वादाला उत्तर देण्याची जबाबदारी टाळता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. ज्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लक्षपूर्वक वाचला आहे, त्यांना ठाऊक आहे की फुल्यांची लांबच लांब वाक्ये ही लिहिता न येण्याची खूण नव्हे. शेतकऱ्याच्या घरातील एकेक वस्तू, एकेक कर, एकेक कर्ज त्या वाक्यात येऊन पडते आणि वाक्य त्या भाराने वाढत जाते. वाचणाऱ्याला दम लागतो, कारण शेतकऱ्याला दम लागला आहे. 'लांब' हे विशेषण त्या वाक्याला योग्य आहे. 'अशुद्ध' हे नाही. पहिले मोजून दाखविता येते, दुसरे केवळ लादता येते.

१९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला, १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. या साहित्याच्या स्वागतात आणि निषेधात वापरली गेलेली विशेषणे आता एक रूढ संच होऊन बसली आहेत. निषेधाची विशेषणे म्हणजे शिवराळ, भडक, आक्रस्ताळी, प्रचारकी, ओबडधोबड. त्यांच्यातील पूर्वग्रह उघड असल्यामुळे आपण ती ओळखतो आणि त्यांचा प्रतिवादही करतो. अधिक अवघड आहेत ती स्तुतीची विशेषणे. अस्सल, रांगडी, जिवंत, रसरशीत, उत्स्फूर्त, मातीचा गंध असलेली.

'उत्स्फूर्त' म्हणजे विचार न करता आलेली. पांढरपेशा लेखकाची भाषा 'घोटीव' असते, 'संयत' असते. त्याने ती कमावलेली असते. दलित लेखकाची मात्र आपोआप उमटते, झऱ्यासारखी. कौतुकाच्या या शब्दाने लेखकाचे श्रम, त्याची खाडाखोड, त्याची निवड हे सारे त्याच्याकडून काढून घेतले जाते. 'अस्सल' या शब्दाचेही तसेच आहे. अस्सल कोण ठरविणार? ज्याने ती भाषा आयुष्यात कधी ऐकली नाही तो समीक्षक जेव्हा तिला अस्सल ठरवितो, तेव्हा तो ती कशाशी ताडून पाहतो? त्याच्या मनात दलितवस्तीचे जे चित्र आधीपासून आहे त्याच्याशीच ना? मग एखाद्या दलित लेखकाने त्या चित्राबाहेरचे वाक्य लिहिले, की त्याच्या भाषेचा अस्सलपणा हरवला, अशी कुरकुर सुरू होते.

'बलुतं'च्या रचनेतच याचे उत्तर आहे. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकाच देहात राहतात. गावकुसाबाहेरची बोली आणि शिकल्यानंतरची लिखित मराठी या दोन्ही त्या एका माणसाच्या आहेत. यांपैकी अस्सल कोणती, हा प्रश्न त्या माणसाला अर्धा कापतो.

कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' या १९८१ सालच्या पुस्तकातील अनुभव याहून बोलका आहे. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या या लेखिकेने स्वतःच नोंदविले आहे की नोकरी मिळाली ती विवाहानंतरच्या पावडे या आडनावाला, माहेरच्या सोमकुवर या आडनावाला नव्हे. संस्कृत तेच होते, उच्चार तेच, पदवी तीच. आडनाव बदलल्याबरोबर भाषेचे मोल बदलले. चुल्लवग्गातील त्या दोन भावांची यादी, नाव, गोत्र, जाती, कूळ, येथे पुन्हा जशीच्या तशी उभी राहते.

या साऱ्यात एक सन्माननीय अपवाद नोंदविला पाहिजे. 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्या कवितांतील अनेक शब्द आपल्याला कळले नाहीत, हे तेंडुलकरांनी तेथे मोकळेपणाने मान्य केले. ज्या वस्तीतून ती कविता आली त्या वस्तीपासून आपण किती दूर आहोत, हे त्यांनी आधी सांगितले. भाषेला 'दुर्बोध' म्हणणे सोपे होते. त्यांनी न कळण्याचे दायित्व स्वतःकडे घेतले. समीक्षकाचा प्रामाणिकपणा येथे सुरू होतो.

४

आता प्रश्न असा की भाषेला विशेषण लावूच नये काय? तसे म्हणता येणार नाही. भगवान बुद्धांनी वाचेचे भेद केले आहेत आणि त्यांना नावेही दिली आहेत. मुसावाद, पिसुणा वाचा, फरुसा वाचा आणि सम्फप्पलाप या चार दोषांपासून विरती म्हणजे सम्यक वाचा. ही चारही विशेषणेच आहेत. परंतु ती बोलणाऱ्याच्या कुळाला लागत नाहीत, त्याने वाचेने केलेल्या कर्माला लागतात. असत्य, चहाडी, कठोरता आणि निरर्थक बडबड ब्राह्मणाच्या तोंडी असू शकते, चांडाळाच्याही.

फरुसा वाचा सोडलेल्या माणसाची वाणी कशी असते, हे ब्रह्मजालसुत्तात सांगताना जी विशेषणे आली आहेत, त्यांत 'पोरी' हा शब्द आहे. पोरी म्हणजे पुरातली, नगरातली. ग्राम्य आणि नागर हा जुना भेद येथेही शिरला की काय, अशी शंका वाचकाला येईल. बुद्धघोषांनी दिलेले स्पष्टीकरण मात्र निराळे आहे. नगरवासी लोकांचे बोलणे उचित असते, कारण वडिलांच्या वयाच्या माणसाला ते वडील म्हणून हाक मारतात आणि भावाच्या वयाच्या माणसाला भाऊ म्हणून. नागरपणाची व्याख्या व्याकरणावर अथवा उच्चारावर उभी नाही. समोरच्या माणसाला कोणत्या संबोधनाने हाक मारली जाते, यावर ती उभी आहे.

ही कसोटी महाराष्ट्रातील गावाला लावून पाहावी. सत्तर वर्षांच्या महाराला पाटलाचे दहा वर्षांचे पोर एकेरीत, नुसत्या नावाने हाक मारीत असे. आणि त्या म्हाताऱ्याने त्या पोरालाही मायबाप म्हणून जोहार घालावा, अशी रीत होती. बुद्धघोषांच्या व्याख्येप्रमाणे या दोघांपैकी कोणाची भाषा ग्राम्य ठरते? 'न' आणि 'ण' यांची गफलत ज्याच्या बोलण्यात होती त्याची, की आजोबाच्या वयाच्या माणसाला 'ए' म्हणणाऱ्याची? मराठी समीक्षेने भाषेच्या शुद्धतेची इतकी चर्चा केली, पण हा प्रश्न तिने क्वचितच विचारला.

५

दलित साहित्याच्या भाषेवरील सर्वांत मोठा आक्षेप कठोरतेचा आहे, आणि बौद्ध वाचकाला तो अधिक टोचतो. आपण पंचशील घेतो, सम्यक वाचेचा उपदेश ऐकतो. मग शिव्यांनी भरलेले साहित्य आपले कसे? विहारातील काही उपासकही हा प्रश्न विचारतात. त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊन चालणार नाही.

अट्ठकथेत फरुसा वाचेचे विवेचन करताना एक कथा येते. एक मुलगा आईचे न ऐकता अरण्यात निघतो. आईचा त्याच्यावर काही उपाय चालत नाही. ती संतापून म्हणते, तुझ्यामागे रानटी म्हैस लागो. अरण्यात खरोखरच म्हैस त्याच्या अंगावर धावून येते. तेव्हा तो मुलगा सत्यक्रिया करतो: आई तोंडाने जे बोलली ते न होवो, मनात जे होते ते होवो. म्हैस जागच्या जागी थांबते. बुद्धघोष यातून असे दाखवितात की चित्त मृदू असेल तर कठोर शब्दही फरुसा वाचा होत नाही. आईबाप मुलांना चोर तुमचे तुकडे करोत असे म्हणतात, पण त्यांच्या अंगावर कमळाचे पान पडावे असेही त्यांना वाटत नसते. आणि उलट, एखाद्याला मारण्याच्या हेतूने 'याला सुखाने झोपवा' असे गोड शब्द उच्चारले, तरी ती फरुसा वाचाच होय. कठोरता चेतनेत असते.

दलित आत्मकथनांतील आया आठवाव्यात. 'मुडद्या' म्हणून पोराच्या पाठीत धपाटा घालणारी आणि आपल्या वाटची भाकर त्याच पोराच्या पुढ्यात सरकविणारी आई आपल्या प्रत्येकाच्या घरात होऊन गेली आहे. तिची भाषा 'शिवराळ' होती असे लिहिणाऱ्याने तिच्या तोंडचे ऐकले, मनातले ऐकले नाही. त्याच वेळी गावातील 'सुसंस्कृत' भाषेचाही हिशेब व्हावयास हवा. 'आमचे तुमच्याशी काही वैर नाही, पण रीत पाळली पाहिजे' हे मृदू स्वरात सांगून माणसाला पाण्यापासून दूर ठेवता येते. त्या वाक्यात एकही अपशब्द नाही. अट्ठकथेच्या कसोटीने ती फरुसा वाचा आहे.

याचा अर्थ आंबेडकरी लेखकाला वाटेल ते लिहिण्याची मुभा आहे, असा मात्र नव्हे. चेतनेची कसोटी दोन्ही बाजूंनी लागते. ज्या शिवीत स्त्रीच्या देहाची अवहेलना आहे, ती शिवी केवळ विद्रोही कवितेत आली म्हणून निर्दोष होत नाही. मज्झिमनिकायातील अभयराजकुमारसुत्तात हा प्रश्न समोरासमोर आला आहे. लोकांना अप्रिय वाटेल असे तथागत बोलतील काय, असे राजकुमार विचारतो. त्याच्या मांडीवर तान्हे मूल असते. भगवंत विचारतात, या मुलाच्या घशात काटकी अथवा खडा अडकला तर तू काय करशील? रक्त निघाले तरी मी तो बाहेर काढीन, कारण मला मुलाची करुणा आहे, असे तो उत्तरतो. वाणी सत्य आहे काय, हितकर आहे काय, आणि तिची वेळ योग्य आहे काय, हे तीन प्रश्न तेथे निश्चित होतात. ती प्रिय आहे की अप्रिय, यावर निर्णय होत नाही. समीक्षकानेही एखाद्या कवितेतील शिवीपाशी थांबून विचारावे: येथे घशातला खडा निघत आहे, की केवळ रक्त निघत आहे? 'शिवराळ' म्हणून नाक मुरडणारा हा प्रश्न विचारीत नाही. 'दाहक' म्हणून टाळ्या वाजविणाराही विचारीत नाही.

६

येथे आपल्या स्वतःच्या घराकडे वळणे भाग आहे. आपल्या नियतकालिकांतील परीक्षणे काढून पाहावीत. धगधगती भाषा, ज्वलंत भाषा, अंगार ओकणारे शब्द, विद्रोही शैली, काळजाला भिडणारे लेखन ही विशेषणे आपण गेली पन्नासेक वर्षे वापरीत आलो आहोत. प्रस्तुत लेखकानेही ती वापरली आहेत, आणि आज ती परीक्षणे वाचताना पुस्तकाचे नाव झाकले तर ते परीक्षण कोणत्या पुस्तकाचे, हे त्याचे त्यालाच ओळखता येत नाही. लेखकाला दाद देण्याच्या भरात आपण त्याचा चेहरा पुसून टाकतो.

'गोलपिठा' धगधगते आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं'ही धगधगते, असे म्हटले की दोहोंविषयी काहीच सांगितले गेले नाही. ढसाळांच्या कवितेत मुंबईच्या वेश्यावस्तीतील शब्द आणि भारदस्त तत्सम शब्द एकाच ओळीत शेजारी बसतात; दोन मराठी भाषांना एकमेकींच्या समोर उभे केल्याने तेथे ठिणगी पडते. बेबीताईंच्या पुस्तकाची किल्ली त्याच्या नावातील 'आमुचं' या शब्दात आहे. आत्मकथन असूनही तेथे 'मी'पेक्षा 'आम्ही' मोठा आहे. एक बाई साऱ्या महारवाड्याच्या वतीने बोलते, आणि त्या महारवाड्यात सासवांनी सुनांना दिलेले दुःखही ती लपवीत नाही. पहिल्या भाषेला मिश्र म्हणता येईल, दुसरीला बहुवचनी. ही विशेषणे कदाचित दिपवणारी नाहीत. परंतु ती पुस्तकात बोट ठेवून दाखविता येतात, आणि एकाची दुसऱ्याला लावता येत नाहीत.

विशेषण कसे निवडावे, याचा वस्तुपाठ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पत्रांच्या नावांतच दिला आहे. १९२० साली 'मूकनायक', १९२७ साली 'बहिष्कृत भारत' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. 'अस्पृश्य' हे विशेषण दोष माणसाच्या अंगी चिकटवून देते. जणू तो तसाच जन्मला. 'बहिष्कृत' म्हटले की कोणीतरी बहिष्कार घातला, हे त्या शब्दातच येते आणि वाचक तो कोणी घातला हे विचारू लागतो. ते विशेषण घडलेली कृती सांगते. 'अशुद्ध भाषा' आणि 'शाळेबाहेर ठेवलेल्यांची भाषा' यांतही हाच फरक आहे.

७

ब्रह्मायुसुत्तात भगवंतांच्या स्वराची आठ अंगे सांगितली आहेत. तो स्वर स्पष्ट आहे, समजेल असा आहे, मंजुळ आहे, श्रवणीय आहे, गंभीर आहे, अशी ती वर्णने आहेत. आणि शेवटी असे सांगितले आहे की तो सभेतील सर्वांना ऐकू जातो, पण सभेबाहेर जात नाही. यांतील बहुतेक विशेषणे ऐकणाऱ्याच्या बाजूने केलेली आहेत. स्वर कोणत्या घराण्यातला, हे त्यांत नाही. तो कोणापर्यंत पोहोचतो, हे आहे. आंबेडकरी समीक्षेला भाषेचे वर्णन करावयाचे तर तिने या वाटेने जावे. वाक्य लांब आहे की तुटक, शब्द कोठून आले आहेत, कोण कोणाला कसे संबोधतो, कोणाला ते कळेल आणि कोणाला कळणार नाही, घशातला खडा निघाला की नाही, हे सांगावे. जे विशेषण पुराव्याशिवाय उभे राहत नाही ते ठेवावे. जे लेखकाचे आडनाव कळल्यावर सुचते ते खोडावे.

हा प्रश्न केवळ समीक्षकांचा नाही. आज जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणाहून नवी मुले-मुली लिहीत आहेत, आणि आपले हस्तलिखित भीत भीत आपल्यापुढे ठेवीत आहेत. त्या हस्तलिखिताच्या समासात आपण 'भाषा अशुद्ध' असे दोन शब्द लिहिले तर त्यांतील काहीजणी पुन्हा लिहिणार नाहीत; 'भाषा धगधगती' असे लिहिले तर त्या पुढचे सारे लेखन त्याच एका आचेवर शिजवतील. दोन्हींत आपलाच तोटा आहे. चुल्लवग्गातील त्या दोन भावांनी ऐकले नाही ते आपण ऐकावे: नाना नावांची, नाना कुळांची माणसे आपापल्या निरुक्तीत काय म्हणत आहेत, ते आधी नीट ऐकावे आणि मगच विशेषण शोधावे.